रिकाम्या जागांची प्रेसनोट

मला ग्रुपमधून काढून टाकलं त्याला आता दोन हंगाम झाले. अजून परत घेतलेलं नाही, आणि मीही विनंती केलेली नाही. करणारही नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आमच्या भागातल्या महिला कबड्डी संघाचा. जळगाव-धुळ्याच्या पोरी, मालक एक बांधकामवाले, आणि बातम्या सांभाळायला पुण्याहून आणलेला मीडिया मॅनेजर. तो येण्याआधी आम्हा बातमीदारांचं काम साधं होतं. सामना संपला की मैदानाच्या कडेला जायचं, पाणी पीत बसलेल्या पोरीला विचारायचं, "काय गं, ती पकड कशी सुटली?" ती सांगायची, आम्ही लिहायचो. या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की खेळाडूंशी थेट बोलायचं नाही, प्रश्न ग्रुपवर टाकायचे, उत्तरं तिथेच मिळतील. बोलायला गोड होता. मला मॅम म्हणायचा. पंधरा वर्षं मी या जिल्ह्यात ताई म्हणूनच खेळाच्या बातम्या केल्या, त्यामुळे मॅम म्हटलं की मागे कोण उभं आहे ते मी वळून बघायचे.

त्याची खरी कमाल म्हणजे प्रेसनोट. सामना पाचला सुरू व्हायचा आणि नोट चारलाच यायची. त्यात लिहिलेलं असायचं की रंगतदार लढतीत आपल्या संघाने अमुक संघावर रिकामी जागा गुणांनी मात केली. पराभवाची नोट वेगळी, तिची सुरुवात 'झुंजार खेळ करूनही' अशी. खाली खेळाडूचं मनोगत, तेही तयार. आम्ही आकडे भरायचे आणि पाठवून द्यायचं. आमची रावेर-यावलकडे जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, त्यामुळे ही सोय कुणाला नको होती असं नाही. मलाही हवी होती. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच सोयीतून आलं.

त्या दिवशी सामना जळगावात होता. संघाची मुख्य चढाईपटू धुळ्याजवळच्या खेड्यातली, विशीची पोर. शेवटची सहा मिनिटं उरली होती. ती चढाईला गेली, दोघींनी मांडी धरली, तिसरी अंगावर आली, आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला मुरगळला. पंचांनी वेळ थांबवली. दोघींनी उचलून तिला बाहेर नेलं. ती रडत नव्हती, ओठ चावत होती. मी माझ्या वहीत लिहिलं: चोविसावं मिनिट, उजवा गुडघा, उचलून नेली. चढाईगणिक नोंद करायची माझी जुनी सवय आहे, नवी पोरं त्यावरून हसतात.

सामना संपला. डेस्कवरून फोनवर फोन, पान थांबलंय. मी नोट उघडली, रिकाम्या जागांत आकडे भरले आणि पाठवून दिली. आदल्या आठवड्यात ती तापाने आजारी होती, म्हणून चारलाच तिच्या नावाने आलेल्या मनोगतात लिहिलं होतं, "मी पूर्ण तंदुरुस्त आहे. व्यवस्थापनाने दिलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे." डोळ्यांनी एक पाहिलं आणि हातांनी दुसरंच पाठवलं. वही मांडीवरच होती. बातमी माझ्या नावानिशी लागली.

चौथ्या दिवशी ती पोर आणि तिची आई ऑफिसात आल्या. एसटीने धुळ्याहून आलेल्या, गुडघ्याला पट्टा, जिना चढताना पोरीने कठडा घट्ट धरलेला. आईने पिशवीतून आमचा पेपर काढला, घडी उलगडली आणि माझ्या टेबलावर ठेवला. मनोगत आणि माझं नाव पेनाने अधोरेखित केलेलं होतं.

"ताई, मनी पोर हाई बोलनीच नही," ती म्हणाली. मग माझ्या नावावर बोट ठेवलं. "तुम्हनं नाव शे ना आठे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग पोरीने नीट सांगितलं. राज्य संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर होती. सामन्यात दुखापत झालेल्या खेळाडूची चाचणी नंतर वेगळी घेतात, मात्र तसं संघाने लेखी कळवावं लागतं. जी नुसती येत नाही तिचं नाव कापलं जातं. संघाने निवड समितीला कळवलं होतं की खेळाडूने वैयक्तिक कारणासाठी संघ सोडला, आणि दुखापत मैदानावर झालीच नाही, सामन्यानंतर तिनेच वर्तमानपत्रांना आपण तंदुरुस्त असल्याचं सांगितलं. मैदानावरची दुखापत मानली तर उपचाराचा खर्च मालकांवर पडला असता. सोबत कात्रणं जोडली होती. चार पेपरांची. पहिलं माझं.

चार बातमीदारांनी एकाच पोरीच्या तोंडून एकच वाक्य, स्वल्पविरामासकट, ऐकलं होतं. कुणालाही शंका आली नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. तो आधी स्वतःवर, पण तिथेच थांबला नाही.

मी मीडिया मॅनेजरला फोन लावला.

"मॅम, हा संघाचा अंतर्गत विषय आहे," तो म्हणाला. "आणि प्रश्न ग्रुपवर टाकायचे असं आपलं ठरलंय."

"मग टाकते," मी म्हटलं.

टाकला. सामन्यानंतर ही खेळाडू नेमकी कुठे उभी राहून हे बोलली, आणि कुणाच्या आधाराने उभी होती? ग्रुपवर जिल्ह्यातले सगळे बातमीदार. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं, ते मला होतं की मॅनेजरला हे आजवर कळलं नाही. दहा मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर होते.

संपादक वयाने मोठे, माणूस वाईट नाही, पण संघमालकांच्या पानभर जाहिराती त्यांच्या डोळ्यांसमोर असायच्या. मी खुलासा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. खुलाशाची आमच्याकडे एक ठरलेली भाषा असते: 'अनवधानाने', 'दिलगीर आहोत', आणि सातव्या पानाचा कोपरा. मी तसं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं की ते वाक्य खेळाडूचं नाही. ते सामना सुरू होण्याआधी संघाच्या मीडिया मॅनेजरने लिहिलं. खेळाडूला मैदानातून उचलून नेताना मी स्वतः पाहिलं, तरी मी ते वाक्य माझ्या नावाने छापलं. चूक माझी आहे.

संपादकसाहेबांनी मधली ओळ खोडली.

"मॅनेजरचं कशाला? तुझी चूक कबूल कर आणि विषय संपव."

"ती ओळ जाणार असेल तर माझं नावही काढा," मी म्हटलं. "अर्धं खरं माझ्या नावाने एकदा छापून झालंय."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "पुरावा काय तुझ्याकडे? तुझी ती वही?"

चारला आलेली नोट फोनमध्ये होतीच. दुखापतीसाठी वही तर वही. मी दुसऱ्या दिवशी वरणगावला गेले. त्या सामन्याचे पंच तिथे शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. शाळेच्या मैदानावर मुलांची कवायत चालू होती. मी वही उघडून दाखवली. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली, पान वाचलं, आणि आपल्या पिशवीतून त्या दिवशीच्या गुणपत्रकाची प्रत काढली. चोविसाव्या मिनिटाला दुखापतीसाठी वेळ थांबवल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात होती.

"सर, हे तुम्ही कुणाला दाखवलं नाही?"

"मागितलं कुणी?" ते म्हणाले. "सगळ्यांकडे प्रेसनोट होती ना."

त्यांनी प्रत दिली, खाली सही केली. खुलासा खेळाच्या पानावर लागला, मधल्या ओळीसकट. साहेब मला एवढंच म्हणाले, "आता भोग." कात्रण आणि गुणपत्रक घेऊन ती पोर निवड समितीकडे गेली, आणि तिचं नाव कापायचं थांबलं. पट्टा निघाल्यावर चाचणी होईल असं लेखी मिळालं.

भोगायचं ते लगेच सुरू झालं. पुढच्या सामन्याला फाटकावर यादी होती आणि यादीत मी नव्हते. मी तिकीट काढून आत गेले. असोद्याहून मोटारसायकलींवर आलेली मंडळी शेंगा सोलत बसली होती. त्यातल्या एका आबांनी सरकून जागा दिली. पत्रकारांच्या खुर्च्या जाहिरातीच्या फलकामागे असल्याने तिथून डावीकडची बोनस रेषा दिसायचीच नाही. इथून अख्खं मैदान दिसत होतं, आणि शेंगाही मिळत होत्या.

मध्यंतरात मॅनेजर आला. आवाज गोडच.

"मॅम, इथून रिपोर्टिंग करता येणार नाही."

मी वही मिटली नाही. मी काही बोलायच्या आत आबा बोलले.

"का बा? डोये त्याईचे, तिकीट त्याईचं. तुमाले काय तरास?"

आजूबाजूचे हसले. मॅनेजर घड्याळ बघत गेला. आबांनी मला विचारलं की तो कोण, आणि मी सांगितलं की तो खेळाडूंच्या वतीने बोलतो. आबांनी विचार केला. "पोरी मुक्या हायेत का?" असं म्हणून ते पुन्हा शेंगा सोलायला लागले.

तेव्हापासून मी तिथेच बसते. पास नाही, ग्रुप नाही, चारची नोट नाही. बातमी उशिरा जाते, डेस्कवरचे बोंबलतात, कधी कधी डाक आवृत्ती चुकते आणि रावेरवाल्यांना निकाल एक दिवस शिळा मिळतो. मिळू दे. शिळा असला तरी पाहिलेला असतो.

त्या पोरीची चाचणी पाच महिन्यांनी धुळ्यात झाली. मी भिंतीला टेकून उभी राहून पाहिली. बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. मी वही उघडली आणि विचारलं, कशी झाली? ती ताठ उभी राहिली आणि शाळेत भाषण करतात तशी म्हणाली, "मी माझ्या प्रशिक्षकांची आणि व्यवस्थापनाची आभारी आहे."

मी पेन खाली केलं आणि थांबले. तिच्याही ते लक्षात आलं. तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"मना गुडघा आजून दुखस. पहिल्या दोन चढाया घाबरीसन वाया गयात. तिसरीले मी मारं."

"असंच लिहू?"

"असंच लिखा."

डेस्कवर एकाने ते प्रमाण मराठीत करायला घेतलं होतं. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि पान जाईपर्यंत हलले नाही. दुसऱ्या दिवशी तिची तीन वाक्यं जशीच्या तशी लागली. तिचं नाव राखीव यादीत आलं आहे, पुढच्या शिबिराला ती जाईल.

बातमी लागली त्याच सकाळी आईचा फोन आला होता. पेपर कुणाकडून तरी वाचून घेतला होता. ती तीन वाक्यं तिने मला म्हणून दाखवली. मग म्हणाली, "ताई, हाई मनी पोर बोलनी."