डोकं काढलेला बेडूक
माझे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक आणि गांडुळं चिरून पोरांना चेतासंस्था दाखवायचे. सगळा जन्म त्यातच गेल्यामुळे घरातला कुठलाही विषय ते गांडुळावर नेऊन ठेवत. "त्याच्या वळ्यावळ्यात मज्जातंतूंची एकेक गाठ असते. ऊठसूट डोक्याला विचारत बसत नाही ते," असं ते पाहुण्यांना ऐन जेवणात सांगत. पाहुणे सहसा पुन्हा येत नसत.

काकू शिंप्याकडच्या शर्टांना काजं करून द्यायची. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला. जीभ शाबूत राहिली, हे काकांचं नशीब.

डॉक्टर म्हणाले, हात परत येईल किंवा येणारही नाही. तेव्हापासून काका रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या चिमट्याने तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिमटा घेत. काही व्हायचं नाही. मग ते चिमटा पुसून ठेवत आणि चहा निवेपर्यंत खिडकीशी पाठमोरे उभे राहत.

एका सकाळी बोट झटकन मागे गेलं. मी टाळी वाजवली.

"नाचू नकोस," काका म्हणाले. "चिमटा बसला की मागे सरणं हे पाठीतल्या मज्जारज्जूचं काम. मेंदूने हलवलं असं नाही. बेडूकसुद्धा एवढं करतो."

"मला बेडूक म्हणालात?" काकूने विचारलं.

"डोकं काढलेला," काकांनी दुरुस्ती केली.

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला संताप आला. सुतावरून स्वर्ग गाठू नये हे कबूल, पण माणसाने सूत तरी हातात धरावं.

काकूने अबोला धरला. सकाळी बोट मात्र पुढे करायची, डाव्या हाताने उचलून.

महिनाभराने काका असेच चिमटा घेऊन वाकले, तेवढ्यात तो उजवा हात मांडीवरून उठला. मध्येच लटपटला, थबकला, पुन्हा वर गेला आणि त्याने काकांचा कान पकडला.

"डोकं काढलेल्या बेडकाला नेमका नवऱ्याचा कान सापडतो का हो?"

"नाही," काका वाकल्या वाकल्या म्हणाले. "त्याला मेंदू लागतो."

काकूने कान पिळला. फारसा जोर नव्हता. काका रडत होते.

"अजून पीळ," ते म्हणाले.