उत्प्रेक्षेचं उदाहरण

त्या हिवाळ्यात मध्यभारत राज्याचं सचिवालय नेहमीप्रमाणे इंदूरहून ग्वाल्हेरला हललं आणि कारकून दिवाकररावही फायलींबरोबर गेले. छत्रीबागेतल्या दोन खोल्यांत त्यांची बायको शशिकलाबाई एकटीच राहिली. आदल्या हिवाळ्यात त्यांची सात महिन्यांची लीला गोवरानं गेली, तेव्हाही दिवाकरराव ग्वाल्हेरलाच होते. तार मिळून ते पोचले ते चौथ्या दिवशी. त्यानंतर हा विषय दोघांत कधी निघाला नाही.

शशिकलाबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. अलंकार आणि वृत्तं म्हटलं की मुलींना धडकी भरे. मुख्याध्यापक प्रतापरावांनी सुचवलं, सोपी वही करून द्या, शाळेला उपयोगी पडेल. बाई कामाला लागल्या. लघु-गुरू, गण, यमक, उपमा. व्याख्या दोन ओळींची आणि उदाहरणं स्वतः रचलेली. उत्प्रेक्षेपाशी मात्र हात अडला. मग एका रविवारी दुपारी, तांदूळ निवडताना, भुजंगप्रयातात दोन ओळी आल्या:

रिता पाळणा मंद हाले, जणू की
कुणी झोपले बाळ घेई उसासा

त्या वहीत घालाव्यात की नाही, या विचारात आठवडा गेला. शेवटी घातल्या. लीला कुठेतरी लिहिलेली तरी राहील, एवढंच त्यांच्या मनात होतं.

जूनमध्ये त्या वहीचं पुस्तक छापून आलं. वर प्रतापरावांचं नाव. बाईंचं नाव प्रस्तावनेतही नव्हतं.

दिवाकरराव तेव्हा इंदुरात होते. ते म्हणाले, नोकरी आहे, वाद नको. पुस्तक चाळताना पाळण्याच्या ओळींपाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘हे उदाहरण छान जमलंय.’’ मग पान उलटलं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या ओळींत लीला आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रतापरावांकडे गेल्या. ‘‘नाव तुमचंच असू द्या, सर. पुढच्या आवृत्तीतून त्या दोन ओळी तेवढ्या काढा.’’

‘‘बाई, सगळ्या पुस्तकात बेस्ट उदाहरण तर वही है,’’ प्रतापराव म्हणाले. ‘‘ते कसं काढायचं?’’

का काढायचं, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे वर्षभर वर्गात त्या ओळी घोकल्या गेल्या. चाळीस मुली एका सुरात म्हणत, आणि बाई फळ्याकडे तोंड करून लघु-गुरूंची लगावली मांडत. वार्षिक परीक्षेत त्याच ओळी देऊन प्रश्न आला, अलंकार ओळखा. बाई पेपर तपासायला बसल्या. बहुतेकींनी उत्प्रेक्षा लिहिलं होतं. मंगला नावाच्या हुशार मुलीनं लिहिलं होतं अतिशयोक्ती, आणि कारणही दिलं होतं: रिकाम्या पाळण्यातून उसासा कधीच ऐकू येत नाही.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. लाल पेन्सिलीनं शून्य दिलं आणि पुढचा पेपर ओढला.

त्यानंतर त्यांनी एकही ओळ रचली नाही. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला त्या वर्षी पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली, आणि त्या दोन ओळींसकट तिची मुद्रितं त्यांनाच तपासावी लागली.