रडणारा ससा

वाघोलीच्या आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर एक गृहस्थ राहतात. एका बिस्किट कंपनीसाठी ते मुलांचे मोबाइल गेम बनवतात. मोठ्यांशी त्यांचं बोलणं मान डोलावण्यापुरतं. लिफ्टमध्ये एखादं मूल दिसलं, की मात्र खाली वाकून विचारतात, "काय साहेब, आमच्या गेममध्ये कुठे कंटाळा आला?"

परवा माझ्या मुलीलाही त्यांनी तेच विचारलं.

ती म्हणाली, "कंटाळा नाही येत काका. पण मी जेवायला उठले की तुमचा ससा रडतो. म्हणून मी उठतच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "अहो, ती कल्पना माझीच. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

मग तिला म्हणाले, "बाळा, ससा खरा नाही. त्याला मी रडवतो. तू खुशाल जेवायला जा."

"पण कशाला रडवता?"

मला त्यांचा राग आला होता, तरी त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. लिफ्ट खाली पोचली.

"तू उठू नयेस म्हणून," ते म्हणाले आणि आमच्यासाठी दार धरून स्वतः आतच थांबले.