रिकामं उत्तर

दुपारी माझा प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला. एक जुनी नोंद डिलीट करायला आम्ही क्लाउडवरच्या सेवेला सांगितलं होतं. तिनं ती डिलीट केली, काम झाल्याचा कोडही पाठवला. पण उत्तराच्या आत एक अक्षरही नव्हतं. माझा प्रोग्रॅम मात्र ते वाचायलाच बसला होता. वाचायला काही मिळेना, तेव्हा चूक झाली म्हणून ओरडला आणि पडला.

शेजारच्या टेबलावरच्या मुग्धानं स्क्रीनकडे पाहिलं. "अगं, रिकामं आलं म्हणजे चुकलं असं नाही. काम झालंय, सांगण्यासारखं काही नाही, एवढंच. आधी आत काही आहे का बघायचं, नसेल तर पुढे जायचं."

मी दोन ओळी वाढवल्या. प्रोग्रॅम मुकाट चालू लागला. मला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही.

बाबा होते तेव्हा घरातून निघताना मी "येते हं" म्हणायचे. 'जाते' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पेपरातून मान वर न करता ते "या" म्हणायचे, पोटच्या मुलीला, पाहुण्याला म्हणावं तसं. त्यांना जाऊन आठ महिने झाले. घरात आता मी एकटीच असते.

तरी सकाळी दार ओढताना तोंडून "येते हं" निघतंच. आत कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक असतं. तरीही कुलूप हातात धरून मी थांबते, एका शब्दापुरती.