उशाचं मांजर आणि जट

बायकोच्या डाव्या कानामागे पहिली गाठ दिसली तेव्हा ती चिंचोक्याएवढी होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. मंगरूळपीरच्या बाहेर आमचा दीड एकर भाजीचा मळा, आणि घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी आई. चौथं एक राखाडी मांजर. थंडीत ते बायकोच्या उशाशी झोपायचं.

दमा तिला लग्नाआधीपासून होता. त्या हिवाळ्यात तो इतका वाढला की हात डोक्यापर्यंत उचलला तरी धाप लागे. आडवं होता येत नसे. भिंतीशी गोधडीची गुंडाळी लावून ती डाव्या अंगावर टेकून बसल्याबसल्या झोपे. एकोणचाळीस दिवस तिच्या केसांना फणी लागली नाही. आईने दोनदा विंचरून पाहिलं, पण मान वाकवली की उबळ येई. रोज गळणारे केस फणीत निघून जातात. तिचे निघालेच नाहीत. सुटलेला केस डोक्यावरच्या केसांना वेढत गेला, त्यात तेल, घाम आणि गोधडीचं घासणं. चिंचोका असताना ती गाठ अर्ध्या तासात सुटली असती.

पण आईने तिला हळद-कुंकू लावलं.

"जट हाय ते. देवी आली घरात. आता फणी लावू नोका."

मी मोजलं. दर मंगळवारी आई जटेला तेल-हळद लावायची. त्याआधी मी शिंप्याच्या टेपने लांबी घेऊन वहीत लिहायचो. त्याच वहीत बायकोच्या दम्याचे झटके आणि मिनिटाला श्वास किती, हेही असायचं. निरोगी माणसाचे सोळा-अठरा. तिचे बसल्या जागी अठ्ठावीस.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात मांजर आहे का?" मी हो म्हणालो. "ते आधी घालवा."

मांजर मारण्याचं पाप कोण घेणार? वांग्याच्या टोपलीत घालून, वर पोतं बांधून मी ते एसटीने कारंज्याला नेलं. कंडक्टर म्हणाला, "काहो भाजीवाले, आज वांगे म्याव करून राह्यले काय?" सगळी गाडी हसली. मी कारंज्याच्या धान्यबाजारात टोपली उघडली. उंदरांना तिथे तोटा नव्हता.

घरी येऊन मी दिवस मोजू लागलो. मांजर असतानाच्या शेवटच्या चौदा दिवसांत अकरा झटके. गेल्यानंतरच्या चौदा दिवसांत दहा. श्वास अठ्ठावीसवरून चौतीसवर गेले होते.

"पाह्य," आई म्हणाली. "मांजर गेलं, दमा गेला काय? डॉक्टरले काय समजते! देवी अंगावर आली अन् आपण तिले घरात कोंडून ठेवलं. येत्या पुनवेले मी इले पोहरादेवीले नेतो. बैलगाडीनं."

पौर्णिमा पाच दिवसांवर होती. गाडीचा रस्ता दिवसभराचा, फुफाट्याचा. चौतीस श्वास घेणारं माणूस त्या धुळीत किती वेळ टिकेल, याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. बायको नाही म्हणेना. तिला बोलायलाच दम पुरत नव्हता.

मधल्या मंगळवारी सकाळी अंगणात मी टेप धरली. जट अकरा इंच भरली होती, मनगटापेक्षा थोडी बारीक. तिला पाणी लावायचं नाही, ती जमिनीला टेकू द्यायची नाही, असा आईचा नेम. म्हणून बायको झोपताना ती स्वच्छ फडक्यात घेऊन गालाखाली ठेवायची, अगदी नाकाशी. टेप सरकली म्हणून मी जट उन्हाकडे फिरवली. काळ्या केसांच्या पिळात काहीतरी आखूड, राखाडी चमकलं. मी चिमटीने ओढलं. मग दुसरं. बोटभर जागेतून सतरा निघाले. मी ते वहीच्या कोऱ्या पानावर ठेवले.

मांजर कारंज्याला गेलं होतं. त्याचे केस तिच्या गालाखाली होते.

मी घरातून कात्री आणली. आई मध्ये उभी राहिली.

"देवीच्या वस्तूले हात लावशीन तर माहं तोंड पाहू नोको."

"आई, हे पाह्य. हे मांजराचे केस होत. इच्या श्वासात जाऊन राह्यले."

"तू दोन महिने मोजून राह्यला रे. तवा काहून नाई दिसले?"

आठ मंगळवार मी लांबी लिहिली, आत पाहिलं नाही.

बायकोने माझ्या हातातली कात्री घेतली. एकेक शब्दावर थांबत ती म्हणाली, "देवीची... असन तर... देवी पुन्हा देईन. श्वास... कोण देते?"

तिचा हात कानापर्यंत गेला आणि खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी पुढे होणार तोच आईने मला बाजूला सारलं. कात्री घेतली, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि कापलं. तेल-हळदीने जट इतकी घट्ट झाली होती की अकरा वेळा कात्री चालवावी लागली.

उशी आणि गोधडी उकळत्या पाण्यात घातली. जट आईनेच नदीवर नेऊन सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झटका आला. आई माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळ धरलं: सदतीस. तासाभराने एकतीस. पुढचा झटका सहा दिवसांनी आला, त्याच्या पुढचा अकरा दिवसांनी. पौर्णिमा आली आणि गेली, पोहरादेवीचं नाव कोणी काढलं नाही.

दमा गेला नाही, आजही आहे. पण त्या दिवसापासून बायकोच्या मागे बसून आई रोज सकाळी तिचे केस विंचरायची. उबळ आली की थांबायची, ओसरली की पुन्हा सुरू करायची. कुठे बारीक गुंता लागला की मला हाक यायची, "वही राहू दे. फणी आण."