सासूबाई चिकटवतात, मी ओढते

आमच्या सासूबाई आणि मी एकाच कारखान्यात कामाला आहोत. त्या रबर लोखंडाला चिकटवतात आणि मी ते ओढून सुटतंय का बघते. यावरून करायचे तेवढे विनोद लोकांनी करून झालेत, तेव्हा तुम्ही नवा शोधायच्या भानगडीत पडू नका.

यंत्रांखाली बसवायचे पाय आम्ही बनवतो. वर-खाली लोखंडी चकत्या, मध्ये रबराचा ठोकळा. सासूबाई चकतीला ब्रशने सोल्युशन लावतात, ते वाळलं की रबर ठेवून गरम प्रेसमध्ये दाबायचं. मग ते माझ्या यंत्रावर येतं. जोड पक्का असेल तर ओढताना रबर मध्येच फाटतं, पण लोखंडाला सोडत नाही. चकती कोरी करकरीत हातात आली, की समजायचं, सगळं फुकट.

जुन्या सोल्युशनला असा उग्र वास, की डोकं उठायचं. सासूबाईंच्या अंगात तो इतका मुरला होता, की बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसायचं नाही. "बरंय की, ऐसपैस बसता येतं," म्हणायच्या. माझी लेक झाली आणि हा तोरा उतरला. त्यांनी साबण बदलले, केसांना काय काय चोपडलं, तरी त्यांनी उचललं की पोरगी तोंड फिरवून माझ्याकडे झेपावायची. "असू दे गं, मोठी झाली की येईल," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि उगाच भांडी आपटायच्या. मला फार वाईट वाटायचं. आजीने नातीला काय लांबूनच बघायचं?

मग मालकांनी पाण्यातलं सोल्युशन आणलं. वास जवळजवळ नाहीच. फक्त चकती आधी भट्टीत तापवून घ्यायची, म्हणजे त्या उबेने पाणी उडून जातं. आठवड्याभरात लेक आजीच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या मोजायला लागली. तिला मोजता येत नाही, पण सासूबाई प्रत्येक आकड्याला "बरोब्बर!" म्हणायच्या.

आणि माझ्या यंत्रावर चकत्या कोऱ्या यायला लागल्या. एकामागून एक. रबर कसं सालासारखं निघून यायचं. ब्रश बदलून झाला, डबा बदलून झाला, भट्टीवाल्याशी भांडून झालं. घरी सासूबाई विचारायच्या, "आज?" आणि मी ताट वाढायला घ्यायचे.

शेवटी मालक सासूबाईंच्या टेबलाशी आले. डोक्यावर पंखा घरघरत होता, एकमेकांचं काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी आधी तो बंद केला.

"मावशी, सोमवारी जुन्या सोल्युशनचा पिंप मागवतोय. नाइलाज आहे."

"मागवा की!" हातातला ब्रश न थांबवता सासूबाई कडाडल्या. "पिंप थेट माझ्या घरीच पाठवा. नातीऐवजी त्यालाच मांडीवर घेऊन बसते!" आणि मग जी सरबत्ती सुरू झाली ती काही थांबेना. प्रेस निघाली, रबर निघालं, मालकांचं लग्न ठरायच्या आधीपासून आपण इथे आहोत हेही निघालं. तोवर चकत्यांचा अख्खा ट्रे रंगवून आणि वाळून झाला होता. मालक बिचारे हातातला चहा न पिता ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे माझ्याकडे आला. मी चकती अडकवली, दांडा ओढला आणि मनात म्हटलं, सुटू नकोस बाई. रबर ताणलं, ताणलं आणि मधोमध फाटलं. दोन्ही चकत्यांवर काळाभोर थर. दुसरा पायही तसाच, तिसराही. मी सगळं तिथेच टाकून सासूबाईंकडे पळत सुटले. मालकही तिथेच उभे होते.

"आई, काल वेगळं काय केलंत?"

"मी? काही नाही. यांना झापलं."

"मग रोज झापा," मालक म्हणाले. एवढ्यात सासूबाई नवा ट्रे घेऊन बसल्या, आणि बसता बसता त्यांचा हात आपसूक बटणाकडे गेला. जन्मभराची सवय. वास उडवायला पंखा लावल्याशिवाय त्या ब्रशला हातच लावत नसत.

"आई, पंखा!" मी ओरडले. "काल तो बंद होता!"

आता वास कुठे होता उडवायला? तापवलेल्या चकत्या मात्र त्या वाऱ्याने गार पडत होत्या. वरून वाळल्यासारखं दिसायचं, खाली पाणी तसंच. प्रेसमध्ये त्याची वाफ होऊन रबर उचललं जायचं. आम्ही तिघं त्या पंख्याकडे बघत राहिलो आणि सासूबाईंनी त्याला अशी काही शिवी हासडली, की मालकही लाजले. त्या दिवशीचे सगळे ट्रे पंख्याविना झाले आणि एकही चकती कोरी निघाली नाही. मालकांनी आमच्यासमोर फोन करून पिंप नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी दार उघडलं तशी लेक धावत आली. मी दोन्ही हात पसरले. ती माझ्या बगलेखालून निसटली आणि थेट आजीच्या पायांना जाऊन बिलगली. सासूबाई दचकून मागे सरकल्या. दोन्ही हात वर, तिला लागू नयेत असे.

"थांब गं सोन्या, अंगाला वास येत असेल," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

"कसला वास, आई?" मी म्हटलं. "घ्या तिला."