चिंचेने घासलेलं विमान

हे कुणाला सांगावं की नाही, असा आठवडाभर विचार करत होते. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. मी माझ्या नवऱ्याचं विमान चिंचेने घासलं!

हसू नका. आधी पूर्ण ऐका.

माझा नवरा, विलास, छोटी विमानं बनवायचा. प्लास्टिकचे सुटे भाग आणायचे, जोडायचे, रंगवायचे. चारकोपच्या आमच्या घराची बाल्कनी म्हणजे त्याचा कारखाना! रंगाच्या वासाने माझं डोकं उठायचं, म्हणून मी मधलं दार लावून घ्यायचे. तो दार किलकिलं करून विमान पुढे धरायचा. "बघ गं, कसं दिसतंय?"

"छान," मी म्हणायचे. फोनमधून मान वर न करता.

मागच्या हिवाळ्यात विलास गेला. त्याचं शेवटचं विमान कपाटावर राहिलं. आधीची सगळी हिरवी नाहीतर करडी, हे मात्र नुसतं चंदेरी. हातात घेतलं तर चांगलं जड. मला वाटलं, या वेळी हौसेने धातूचं मागवलं असणार. धातूचं नाही, असं त्याने सांगितलंही असेल. पण मी ऐकायला हवं ना!

दहा-बारा दिवसांपूर्वी त्याच्या मित्राचा, कदमांचा फोन आला. "वहिनी, रविवारी आमचं प्रदर्शन आहे. विलासचं ते चंदेरी विमान मधल्या टेबलावर ठेवायचंय. सकाळी न्यायला येतो."

मधलं टेबल! आणि विमानावर तर बोटभर धूळ. नेमकी शनिवारी मी देवाची भांडी घासायला काढली होती. चिंच भिजलेलीच होती. म्हटलं, ताम्हणाबरोबर हेही चकचकीत करू. विलासचं नाव आहे, असं कळकट कसं पाठवायचं?

पंखावर चिंच चोळली. चमक वाढायची सोडून मंदच झाली. जरा जोर लावला, तर खालून काळं दिसायला लागलं. आता तुम्हीच सांगा, चंदेरी वस्तू काळी दिसली की आपल्या मनात पहिलं काय येतं?

तेवढ्यात समोरची शुभांगी पितळेची कळशी घेऊन आली. उरलेली चिंच मागायला. मालवणची बाई, आवाज खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत जाणारा.

"अगो, ह्यां चांदीचां काय?"

"असेल गं. बघ ना, किती काळं पडलंय!"

"मगे घास जोरात! टूथपेस्ट घे. माझे पैंजण तसेच उजळले."

मग काय! एक पंख तिच्याकडे, एक माझ्याकडे. घासतोय, घासतोय. काळं वाढतच चाललं. मग काळंही गेलं आणि खालून करडं निघालं.

शुभांगी थांबली. "गो, चांदी संपली की काय?"

इतक्यात विमानाच्या नाकाजवळचा जोड उकलला आणि शिशाची एक गोळी सिंकमध्ये पडली. टण्ण! शुभांगीने पंखावर नख वाजवून पाहिलं. टिकटिक. तिने माझ्याकडे बघितलं, कळशी उचलली आणि निघून गेली. चिंच न घेताच.

प्लास्टिक होतं हो. इतर विमानांसारखंच.

रविवारी कदम आले. मी विमान पुढ्यात ठेवलं आणि काय केलं ते सांगून टाकलं. ते पंखावरून हळूच बोट फिरवत राहिले.

"वहिनी, खाली आधी चकचकीत काळा रंग द्यावा लागतो. त्यावर चंदेरी फवारा, अगदी पातळ. काळा गुळगुळीत झाला तरच वर धातूची चमक येते. विलास पुन्हा पुन्हा घासून नव्याने द्यायचा तो."

"आणि आतल्या या शिशाच्या गोळ्या?"

"नाकात भरलेल्या. नाहीतर विमान शेपटीवर बसतं. कोळी जाळ्याला लावतात त्या. आम्ही दोघांनी वर्सोव्याला जाऊन आणल्या होत्या." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुम्हाला खरंच धातूचं वाटलं?"

"अहो, नाहीतर चिंच कोण लावेल?"

कदम हसायला लागले. इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग पुसतच राहिले.

"सारखा विचारायचा मला, 'धातू वाटेल ना रे?' मी म्हणायचो, वहिनींना दाखव. तर म्हणायचा, 'दाखवलं. छान म्हणाली. ती सगळ्यालाच छान म्हणते.'"

मी आत जाऊन ओढणी आणली.

कदमांनी विमान तसंच, माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून नेलं. म्हणाले, "मधल्याच टेबलावर ठेवतो."

ताम्हण मात्र झकास निघालंय. आपलं तोंड त्यात अगदी स्वच्छ दिसतं. मी फारसं बघत नाही.